खिडकीत वाढलेला टोमॅटो



भाजीपाल्याच्या इतिहासात आज टोमॅटोची पाळी. तुम्ही म्हणाल, टोमॅटोचा इतिहास तो काय ऐकायचा? क्रेटला भाव मिळाला तर गुलाल, नाही मिळाला तर रस्त्याच्या कडेला लाल चिखल. हा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. म्हणून आज आम्ही तुम्हाला फार लांब नेणार आहोत, रशियात. तिथं मार्च महिन्यात शेतावर बर्फ असतो. मे संपत आला तरी एखाद्या रात्री पाणी गोठतं. आणि तरीही ऑगस्टमध्ये घरोघरी बादल्या भरून टोमॅटो निघतात. हे कसं जमलं आणि कुणी जमवलं, तेवढंच आज सांगायचं आहे.

आधी या झाडाचं माहेर. टोमॅटोचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि इक्वेडोर या देशांच्या डोंगरात आणि किनाऱ्यावर आजही आपोआप उगवतात. फळ आपल्या कांगोणीएवढं. ते वाढवून, निवडून खाण्याजोगं केलं मेक्सिकोच्या लोकांनी. 'टोमॅटो' हा शब्दही त्यांच्याच नाहुआत्ल भाषेतल्या 'टोमाट्ल' वरून आला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकला आणि सोन्याचांदीबरोबर हे बीही युरोपात गेलं. इटलीतल्या मात्तिओली नावाच्या वैद्यानं 1544 साली आपल्या ग्रंथात या फळाची नोंद केली, आणि पुढं 1554 च्या आवृत्तीत त्याचं नाव दिलं 'पोमी दोरो', म्हणजे सोन्याची सफरचंदं. रशियन बाई आजही टोमॅटोला 'पमिदोर' म्हणते, ते यावरूनच. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी बेलवांगी हे नाव होतं, विदर्भात भेदरं म्हणतात. बेलवांगी हे नाव आम्हाला फार आवडतं. ज्या कुणी ते पहिल्यांदा ठेवलं तिनं पानं-फुलं बघून ओळखलं होतं की हे वांग्याच्याच कुळातलं आहे.

इथं एक आडवळण घेऊ. रशिया म्हटलं की आपल्याला वाटतं, त्यांचा आपला काय संबंध? पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी समुद्रमार्गे आपल्या चौल बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. अख्खा पावसाळा त्यानं जुन्नरला काढला. त्यानं लिहून ठेवलेली हकिकत आजही वाचायला मिळते, आणि रेवदंड्याला त्याचं स्मारकही आहे. गंमत बघा, त्या वेळी ना जुन्नरला टोमॅटो होता, ना त्वेरला. कोलंबस अमेरिकेला पोचायलाच अजून वीसेक वर्षं होती. आज त्याच जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी नावाजलेलं आहे, आणि त्वेरच्या घरांत मार्च महिन्यात खिडकी-खिडकीत टोमॅटोची रोपं उभी असतात. एकच झाड दोन्हीकडं परकं म्हणून आलं. आपल्याकडच्या उन्हात ते लवकर रुळलं, तिकडं मात्र त्याला घरात घेऊन सांभाळावं लागलं.

का सांभाळावं लागलं, ते नीट समजून घेऊ. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

टोमॅटोचं बी मातीत ऊब असेल तरच उगवतं. पंचवीस अंशांच्या आसपास ते आठवड्याभरात वर येतं. दहा अंशांच्या खाली ते नुसतंच पडून राहतं, नाहीतर कुजतं. उगवल्यावर पाणी गोठेल अशी एक रात्र झाली की रोप सकाळी उकडल्यासारखं काळं पडलेलं दिसतं. फुलावर आल्यावरही सुटका नाही. रात्रीचं तापमान बरेच दिवस बारा-तेरा अंशांखाली राहिलं तर पराग नीट तयार होत नाही आणि फूल गळून जातं. निफाडकडच्या बायांना हे सांगायला नको. जानेवारीच्या कडाक्यात झाड हिरवंगार दिसतं आणि फळ धरत नाही, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

आता मॉस्कोच्या आसपासचा हिशोब घाला. जूनचा पहिला आठवडा उजाडेपर्यंत रात्रीच्या गारठ्याची धास्ती. मे महिन्यात चेर्योमुखा नावाचं रानझाड पांढऱ्या फुलांनी भरतं, त्या वेळी थंडी हमखास परतते अशी तिथली जुनी समजूत आहे. त्या थंडीला नावच आहे 'चेर्योमुखाचा गारठा'. इकडं सप्टेंबरात पुन्हा पाणी गोठायला लागतं, आणि त्याच्याही आधी ऑगस्टच्या दमट, गार रात्रींत करपा येऊन झाडं काळी पाडतो. म्हणजे उघड्या रानात टोमॅटोच्या हाती जेमतेम अडीच महिने. आणि लवकर येणाऱ्या वाणालाही उगवल्यापासून पहिलं फळ लाल व्हायला तीन महिन्यांच्या वर लागतात. हिशोब बसत नाही. तो बसवायचा एकच मार्ग: झाडाच्या आयुष्याचे पहिले दोन महिने रानाबाहेर, उबेत काढायचे. आपण वीस-पंचवीस दिवसांचं रोप लावतो. तिकडं साठ दिवसांचं, कधी त्याहून थोराड, कळी आलेलं रोप लावतात.

ही ऊब आणायची कुठून? जुन्या काळी ती शेणातून आणली. थंडीच्या दिवसांत पहाटे उकिरड्यातून वाफ निघते, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. रशियातल्या माळव्याच्या शेतकऱ्यांनी तीच वाफ कामाला लावली. जमिनीत खड्डा घ्यायचा, त्यात घोड्याची ताजी लीद दाबून भरायची, वर वीतभर माती, बाजूनं लाकडी चौकट, वर काच, रात्री त्यावर गवताच्या चटया. खालून लीद कुजताना गरम होते आणि बाहेर बर्फ असतानाही आतलं बी उगवतं. या वाफ्याला ते 'पार्निक' म्हणतात. दिवसातून दोनदा काच उचलून वारा द्यायचा, सूर्य मावळायच्या आधी चटया पसरायच्या. लीद फार तापली तर रोप भाजतं, थंड पडली तर बसून जातं. म्हणजे घरचं दूध तापत ठेवल्यासारखं सारखं लक्ष.

पण सुरुवातीला हे सगळं टोमॅटोसाठी कुणी करत नव्हतं. काकडी, कोबीसाठी करत. टोमॅटो रशियात अठराव्या शतकात पोचला तो शोभेचं झाड म्हणून. त्या काळचे शेतीचे अभ्यासक आंद्रेई बोलोतोव्ह यांनी त्याबद्दल लिहिलं तेव्हा लोक ते कुंडीत, घरात ठेवत. खायचं पीक म्हणून ते आधी दक्षिणेत रुजलं, क्रिमियाकडं आणि व्होल्गा नदीच्या खालच्या अंगाला, जिथं उन्हाळा लांब असतो. उत्तरेच्या लोकांना लाल टोमॅटो सहज दिसायला विसावं शतक उजाडावं लागलं.

1920 साली मॉस्कोजवळ ग्रिबोवो इथं भाजीपाल्याच्या वाणांसाठी संशोधन केंद्र सुरू झालं. सर्गेई झेगालोव्ह हे त्याचे पहिले प्रमुख. तिथल्या लोकांनी हिशोबाची दुसरी बाजू धरली. रोप उबेत वाढवायचं ते आहेच, पण झाडच लवकर येणारं आणि गारठा सोसणारं निवडलं तर? वर्षानुवर्षं निवड करून त्यांनी बुटकी, आटोपशीर, लवकर पिकणारी वाणं काढली. त्यातल्याच एकाचं नाव 'सेवेर्यानिन', म्हणजे उत्तरेकडचा माणूस. त्याचा गुण मोठा नवलाचा. थंडीनं पराग निकामी झाला तरी या झाडाला फळ धरतं. असं धरलेलं फळ बिनबियांचं असतं, पण भाजीला चांगलं. पुढं अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या विद्यापीठात जेम्स बॅगेट यांनी अशाच गुणाची वाणं काढली, कारण तिथलाही वसंत असाच गारठलेला असतो. एका वाणाचं नावच 'ओरेगॉन स्प्रिंग', ओरेगॉनचा वसंत.

बियाण्याचं बोलतो आहोत तर लेनिनग्राडची गोष्ट टाळून पुढं जाता येत नाही. त्या शहरात निकोलाय वाविलोव्ह यांनी जगभर फिरून जमवलेल्या बियाण्यांचं भांडार होतं. गहू, तांदूळ, शेंगा, बटाटे, भाज्या, सगळं. सप्टेंबर 1941 मध्ये जर्मन फौजांनी शहराला वेढा घातला. तो 872 दिवस चालला. लोक उपासानं रस्त्यात पडून मरत होते. आणि त्या भांडारात पोत्यांनी धान्य होतं. तिथल्या कर्मचाऱ्यांनी ते खाल्लं नाही. तांदळाचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव्ह तांदळाच्या पिशव्यांच्या गराड्यात उपासमारीनं गेले. त्यांच्यासारखे आणखीही गेले. खुद्द वाविलोव्ह त्या वेळी आपल्याच सरकारच्या तुरुंगात होते, आणि जानेवारी 1943 मध्ये तेही तिथं उपासमारीनंच वारले. आपण दुष्काळात बियाण्याचं मडकं फोडायचं नाही असं ऐकत मोठ्या झालो, पण घरात लेकरू उपाशी असताना ते मडकं न फोडणं म्हणजे काय, हे वाचताना आमच्या बैठकीत कुणी बराच वेळ बोललं नाही. 1942 च्या वसंतात त्याच शहरात बागा, मैदानं, रस्त्यांच्या कडा खणून भाज्या लावल्या गेल्या. सेंट आयझॅक चर्चसमोरच्या चौकात कोबी उभी होती. शहरातले बहुतेक धडधाकट पुरुष आघाडीवर होते, तेव्हा खणणारे हात कुणाचे असतील ते सांगायला नको.

युद्ध संपलं तेव्हा सोव्हिएत देशाची दोन कोटी सत्तर लाख माणसं गेली होती. त्यात तरुण पुरुष फार. घरं चालवायला उरल्या त्या बायका. 1949 साली सरकारनं ठराव करून शहरातल्या कामगारांना, नोकरदारांना बागेसाठी शहराबाहेर जमिनीचे तुकडे द्यायला सुरुवात केली. तुकडा कारखान्यामार्फत किंवा कचेरीमार्फत मिळायचा. माप ठरून गेलं ते सहा 'सोत्का'. एक सोत्का म्हणजे शंभर चौरस मीटर. म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठा! सहा गुंठे जमीन, तीही बहुतेक वेळा दलदलीची नाहीतर जंगल तोडलेली, बुंधे उपटायचे, माती वाहून आणायची. त्यावर छोटी झोपडी. याला ते 'दाचा' म्हणतात. दाचाचे बंगलेही असतात, ते मोठ्या लोकांचे. आपण सहा गुंठ्यांबद्दल बोलतो आहोत.

त्या सहा गुंठ्यांत बटाटा, कांदा, गाजर, बीट, काकडी आणि टोमॅटो. बाकी सगळं थेट मातीत जायचं किंवा सोपं होतं. टोमॅटोचं काम मात्र फेब्रुवारी-मार्चपासून शहरातल्या घरात सुरू व्हायचं, चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. आणि ते करायची घरातली आजी. तिला 'बाबुश्का' म्हणतात. सोव्हिएत कायद्यानं बायकांना पंचावन्नाव्या वर्षी पेन्शन मिळे, त्यामुळं नातवंडं, स्वयंपाक, दुकानापुढची रांग आणि टोमॅटोची रोपं हे सगळं तिच्याच वाट्याला आलं.

ती काय करायची ते सविस्तर सांगतो, कारण यात आपल्या कामाचं बरंच आहे.

आधी बी पारखायचं. मिठाच्या पाण्यात टाकून ढवळायचं. वर तरंगेल ते पोकळ, फेकून द्यायचं. तळाशी बसेल ते धुऊन घ्यायचं. भाताच्या बियाण्याला मिठाचं पाणी आपल्या मावळातल्या, कोकणातल्या बायाही करतात, तीच रीत. मग पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात वीस मिनिटं, म्हणजे बियाला चिकटलेला रोग जाईल. मग ओल्या फडक्यात गुंडाळून ऊब. आपण मटकीला मोड आणतो तसंच.

पेरणी दुधाच्या कापलेल्या कागदी डब्यांत. तिकडच्या घरांत खिडकी मोठी, दुहेरी काचेची, आणि शहराच्या सामाईक व्यवस्थेतून येणाऱ्या गरम पाण्याचा लोखंडी पंखा बरोबर खिडकीखाली बसवलेला. त्यामुळं खिडकीचा कठडा उबदार. बी पटकन उगवतं. खरी कसोटी उगवल्यावर लागते. मार्चमध्ये तिथं ऊन तिरकं आणि मवाळ. ऊब भरपूर आणि उजेड कमी म्हटल्यावर रोप उजेडाकडं मान ताणत उंच, पांढुरकं, सुतासारखं होतं. तशा रोपाला रानात काही भवितव्य नाही. म्हणून उगवण दिसली की ते खिडकीच्या काचेला भिडवायचं, मागं चमकता कागद उभा करायचा म्हणजे उजेड परतून पडेल, पाणी तोलून द्यायचं, आणि रोज डबा फिरवायचा, म्हणजे रोप एका अंगाला कलणार नाही.

दोन खरी पानं आली की एकेक रोप उचलून वेगळ्या डब्यात. मुळाचं टोक नखानं किंचित खुडायचं, म्हणजे मूळ फुटवे धरतं. आणि रोप लावायचं ते पहिल्या दोन दळांपर्यंत खोल. टोमॅटोच्या खोडाला मातीचा स्पर्श झाला की तिथंही मुळं फुटतात, वांग्याला इतकी फुटत नाहीत. उंच झालेलं रोपही असं खोल लावून सावरता येतं. ही गोष्ट आम्ही आमच्या रोपवाटिकेत करून पाहिली, आपल्या हवेतही चालते.

शेवटचं काम कणखर करण्याचं. एप्रिलच्या अखेरीपासून रोपं दुपारी गॅलरीत ठेवायची, आधी तासभर, मग अर्धा दिवस, मग रात्रभर. घरातल्या उबेत वाढलेलं रोप एकदम वाऱ्यात नेलं तर पानं करपतात. आपल्याकडं शेडनेटमधली रोपं लावणीआधी चार दिवस बाहेर काढतात, तसं. बाबुश्काला मात्र यात तीन आठवडे जायचे.

आणि ही पेरणी कधी? बऱ्याच घरांत 8 मार्चच्या आगेमागे. तो महिला दिन रशियात सरकारी सुट्टीचा दिवस आहे, घरी फुलं येतात. आपणही महिला दिन करतो, हळदीकुंकवासारखा करतो, भाषणं ऐकतो. पण तो दिवस रशियाच्या इतिहासात कसा आला? 8 मार्च 1917 रोजी पेत्रोग्राद शहरातल्या कापड गिरण्यांतल्या बायका काम टाकून रस्त्यावर उतरल्या. मागणी होती भाकरीची. आठवड्याभरात झार बादशहाला गादी सोडावी लागली. पेत्रोग्राद म्हणजेच पुढचं लेनिनग्राड. ज्या शहरात बायकांनी भाकरीसाठी मोर्चा काढला, त्याच शहरात पंचवीस वर्षांनी चौकात कोबी लावावी लागली.

पेरणी कोणत्या दिवशी करायची यासाठी तिथं चंद्राच्या कलांची पंचांगं छापून विकली जातात. आमचा त्यावर फारसा विश्वास नाही, आपल्या नक्षत्रांवर मात्र पुष्कळ आहे, तेव्हा हसायला नको.

मे महिन्यात ही रोपं रानात न्यायची. मोटार सगळ्यांकडं कुठली? उपनगरी रेल्वेनं. त्या गाडीत मेच्या शनिवारी पाय ठेवायला जागा नसे: म्हाताऱ्या बाया, मांडीवर पुठ्ठ्याचा खोका, खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली हातभर उंच रोपं. एसटीत कोंबडी, बोचकं आणि तुळशीचं रोप घेऊन बसलेली मावशी डोळ्यांपुढं आणा. रानात पोचल्यावर प्लॅस्टिकच्या कागदाखाली, कमानी रोवून केलेल्या बोगद्यात लावणी. उघड्यावर लावायची तर जूनच्या दहा तारखेच्या पुढं. आणि रात्री थंडी पडणार असं रेडिओवर सांगितलं की चादरी, जुने कोट, बादल्या, जे हाताला लागेल ते पालथं घालायचं.

आता या सगळ्याचा हिशोब मांडायचा झाला तर कुठं मांडायचा? दोन-अडीच महिने रोज सकाळी डबा फिरवणं, संध्याकाळी पाणी. पगारात ते नाही, पेन्शनीत नाही. 1991 साली सोव्हिएत राज्य मोडलं आणि पुढच्या एकाच वर्षात, 1992 मध्ये, रशियात भाव पंचवीस पटीहून जास्त वाढले. लोकांनी जन्मभर बँकेत टाकलेली पुंजी मातीमोल झाली. बचतीच्या कामात असणाऱ्या आपल्याला हे वाचून पोटात गोळा येतो: ज्या बाईनं तीस वर्षं पै-पै टाकली, तिच्या पुस्तकावरच्या आकड्यात आता आठवड्याचा बाजार येईना. पुढची कित्येक वर्षं कारखाने पगार महिनोन्‌महिने थकवत राहिले. तेव्हा देशातला बहुतेक सगळा बटाटा आणि भाजीचा फार मोठा भाग या घरगुती तुकड्यांतूनच निघत होता. टोमॅटोनं पोट भरत नाही, पोट बटाट्यानं भरलं. पण तीन लिटरच्या काचेच्या बरण्यांत मीठ, लसूण आणि शेपूची फुलं घालून खारवलेला टोमॅटो सहा महिन्यांच्या हिवाळ्यात ताटात आंबट-लाल काहीतरी वाढायचा. आणि जास्तीच्या बरण्या, जास्तीची रोपं स्टेशनाबाहेर मांडून म्हाताऱ्या बाया विकायच्या. शिक्षिका होत्या त्यात, इंजिनिअर होत्या. रोप विकून दोन पैसे मिळतात हे तेव्हा उघड दिसलं. त्याआधी त्याच रोपाला 'आजीचा छंद' म्हणायचे.

यावरून आमच्या गटात एक वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. आमची रोपवाटिका गटाची आहे. ट्रे, कोकोपीट, बियाणं, शेडनेट यांचा खर्च वहीत येतो. पहाटे पाणी घालणं, रात्री कागद टाकणं, गोगलगाय वेचणं हे बाया पाळीनं करतात. त्याची मजुरी रोपाच्या दरात धरायची की नाही? काही जणी म्हणतात, आपलंच तर आहे, आपल्याच कामाची मजुरी कसली लावायची. काही जणी म्हणतात, बाहेरचा नर्सरीवाला मजुराला रोज देतो आणि तो दरात धरतो, मग आपली पहाट फुकट कशी? आम्हा समन्वयकांचं मत विचाराल तर ती वहीत लिहावी. वाटून घ्यायची की भांडवलात ठेवायची ते गटानं ठरवावं, पण आधी लिहावी.

दुसरा प्रश्न बियाण्याचा. बाबुश्का बी विकत आणायची कमी, धरायची जास्त. निरोगी झाडाच्या पहिल्या-दुसऱ्या घोसातलं फळ खूण करून राखायची. पुरतं पिकलं की कापून बिया रसासकट काचेच्या पेल्यात, दोन-तीन दिवस आंबायला. वर बुरशीचा साय आला की बीभोवतीचा बुळबुळीत पडदा सुटतो. मग चाळणीत धुवायचं, कागदावर वाळवायचं, पुडी बांधून त्यावर वाणाचं नाव आणि वर्ष. कोरड्या जागी असं बी चार-पाच वर्षं टिकतं. शेजारणीला चिमूटभर द्यायचं, तिच्याकडून दुसरं घ्यायचं. अशा देवाणघेवाणीत वाणांना त्या त्या बाईचं, गावाचं नाव पडलं.

हे संकरित बियाण्यात जमत नाही. संकरित झाडाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी कुणी उंच, कुणी बुटकं, एकसारखं काही येत नाही, म्हणून दर हंगामाला पाकीट आणावं लागतं. त्याच्या बदल्यात उत्पन्न जास्त, फळ एकसारखं, क्रेटमध्ये टिकणारं. बाजारासाठी लावणाऱ्या बाईला संकरित सोडा असं आम्ही सांगणार नाही, तिचं कर्ज आम्ही फेडणार नाही. पण परसबागेसाठी, घरच्या ताटासाठी सरळ वाण लावता येतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची धनश्री आणि भाग्यश्री ही सरळ वाणं आहेत. त्यांचं बी एकदा आणलं तर पुढं वर सांगितल्या रीतीनं घरी धरता येतं. मोठ्या गावात एका बाईनं एक वाण सांभाळायचं ठरवलं तरी गटाकडं चार-पाच वाणं राहतील. दोन वाणं शेजारी-शेजारी न लावता थोडं अंतर ठेवावं, एवढीच काळजी.

रशियातही आता दुकानात परदेशी संकरित पाकिटं आहेत, खिडकीत गुलाबी विजेचे दिवे आहेत, आणि तरुण सुना सहा गुंठ्यांत हिरवळ लावून खुर्ची टाकून बसतात, असं सासवांचं म्हणणं. मार्चमध्ये रोपांचे डबे मात्र अजून दिसतात.

एक शेवटची गोष्ट राहिली. ऑगस्टच्या अखेरीस करपा दिसायला लागला की तिथं फळ लाल व्हायची वाट बघत नाहीत, हिरवं असतानाच सगळं तोडून घरी आणतात. मग ते पिकवायचं कुठं? हिवाळ्यात घालायचे लोकरीचे जाड बूट असतात, 'वालेंकी' म्हणतात त्यांना, गुडघ्यापर्यंत येणारे. उन्हाळाभर ते रिकामेच पडलेले. त्या बुटांत हिरवे टोमॅटो भरून पलंगाखाली सरकवायचे. आपण पेंढ्यात आंबे पिकत घालतो तशी आढी. दर दोन दिवसांनी बाबुश्का खाली वाकून बुटात हात घालते, चाचपून लाल झालेला तेवढा बाहेर काढते. थंडी पडून बूट पायात घालायची वेळ येईपर्यंत ते रिकामे झालेले असतात.